घरजावई आणि मधली पात

सगळ्यात आधी मोठीमाय. पुढे या लिहिण्यात मी येईन, माझी घरमालकीण काकू येईल, कापूस वेचणाऱ्या बाया येतील आणि टीव्हीतला एक खोटारडा घरजावई तर येईलच येईल; पण मोठीमाय नसती तर हे सांगायला मी इथे उरलेच नसते. पहिल्याच दिवाळीला सामान बांधून कोकणात परत गेले असते आणि कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, तिकडचं पाणी मानवलं नाही.

ती माझी कुणी लागत नाही. इकडे थोरल्या काकीला मोठीमाय म्हणतात, आणि तिला तर गावातले म्हातारेसुद्धा मोठीमायच म्हणतात. मारेगावच्या अलीकडे आमचं गाव. वेचणीच्या दिवसांत कुणाच्या शेतात कोणत्या बाया जायच्या ते तिच्या शब्दावर ठरतं. अंगाने काडी, पण धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली की नाल्यापलीकडची बैलं कान टवकारतात.

आमचे हे राजूरकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतात. कंत्राटदाराची जीप येऊन घेऊन जाते, पाळी संपली की आणून सोडते. लग्न झालं आणि मी त्यांच्यामागोमाग इथे आले. आठवीत शाळा सुटलेली, गाव सोडून कधी कुठे राहिलेली नाही, आणि स्वभाव असा की दारावर कुणी टकटक केली तरी आधी माझ्या पोटात गोळा यायचा, मग कडी निघायची. त्यात इकडची बोली. कुणी प्रेमाने विचारलं, "काहून आली वं इतक्या दूर?" तर काहून म्हणजे नुसतं 'का', तरी मला वाटायचं, ही मला घालवून देतेय.

काकू म्हणजे घरमालकीण. पुढच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा मुलगा, मागची एक खोली आमची. मी दिवसभर कडी लावून बसते हे तिला बघवेना. एक दिवस तिनेच मोठीमायला बोलावून सांगितलं, "हिले घेऊन जा आपल्या वावरात. घरी बसून बसून पिवळी पडून राह्यली."

मोठीमायने मला खालून वर पाहिलं. "कापूस वेचता येते?"

"नाही."

"मंग काय येते?"

"भात लावता येतं," मी म्हणाले.

बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मोठीमाय हसली नाही. म्हणाली, "हात तं हायत ना? चाल मंग."

भात लावताना माणूस वाकून मागे मागे सरकतो, पाय चिखलात असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. कापसाचं सगळं उलटं. दव वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. मग प्रत्येक बाईने आपापली ओळ धरायची, तिला पात म्हणतात, आणि सगळ्यांनी सोबत पुढे जायचं. कमरेला फडक्याची झोळी. बोंड उमललेलं असतं, त्यातून नुसता कापूस बोटांनी ओढून काढायचा. वाळलेली पानं सोबत आली की तो कापूस कचऱ्याचा. माझ्या झोळीत कापूस कमी आणि पाला जास्त. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघाल्या. नव्या बाईला कडेची पात देतात, तशी मलाही दिली होती. बायांच्या गप्पा तिथवर यायच्या नाहीत, नुसतं हसणं यायचं, आणि प्रत्येक हसणं माझ्यावरच आहे असं मला वाटायचं. सगळ्या पुढे निघून जायच्या आणि मी मागे एकटी कापसाच्या झाडांत, पऱ्हाटीत, उभी. संध्याकाळी वजनाच्या काट्यावर माझं गाठोडं टांगलं की मी दुसरीकडे बघायचे.

त्या सुमारास टीव्हीवर एक विनोदी मालिका चालू होती. संध्याकाळी, अगदी चुली पेटायच्या वेळेला. त्यामुळे आमच्या टोळीतल्या बायांना ती धड बघायला मिळायची नाही. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या रिमोटवर नवऱ्यांचा हात. काकूकडे मात्र पुरुषमाणूस त्या वेळी घरात नसायचा. काकू टीव्ही लावायची आणि गाणं संपायच्या आत बसल्या बसल्या घोरायची. म्हणजे बघणारी मी एकटीच.

मालिकेत एक मंडपवाला सासरा होता, जिभेला धार असलेली सासू होती आणि त्यांच्या घरी राहणारा जावई. हा जावई म्हणजे सगळ्या मालिकेचा जीव. भित्रा, आळशी, आणि तोंड उघडलं की खोटं. आपण कुठे अडकतोय हे कळायच्या आत थाप मारायचा, मग ती थाप झाकायला दुसरी, आणि भागाच्या शेवटी सगळं त्याच्याच डोक्यावर कोसळायचं, कधी कधी मंडपाच्या कापडासकट.

एके सकाळी मधल्या पातीतल्या एका बाईने वाकल्या वाकल्या विचारलं, "काल काय झालं वं त्या घरजवायाचं? मी पाह्यलं तं त्यानं नवरदेवाचा घोडा आनतो म्हनून सांगतलं होतं."

कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गाढव आणलं."

सगळ्या हात थांबवून माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मोठीमाय म्हणाली, "तिथून काय बोलतं? इकडं मधात ये, अन् पयल्यापासून सांग."

त्या दिवसापासून मधली पात माझी झाली. सांगणारी मध्ये असली म्हणजे दोन्हीकडच्यांना ऐकू येतं, एवढंच त्यामागचं कारण. पण त्यात माझं आणखी एक काम व्हायचं. मी मागे पडले तर गोष्ट मागे पडणार, म्हणून डावीकडचीचा आणि उजवीकडचीचा हात बोलता बोलता माझ्या ओळीत यायचा आणि चार बोंडं वेचून माझ्या झोळीत टाकून जायचा. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांच्या बरोबरीने धुऱ्याला पोचू लागले. मात्र एक भीती मनात घर करून बसली. गोष्ट आहे तोवर ही पात. गोष्ट गेली की मी पुन्हा कडेला, आणि तिथून घरी.

आता खरी अडचण सांगते. मी मालिका पूर्ण बघतच नव्हते.

तो घरजावई पकडला जायची वेळ आली, सासूच्या भुवया वर जायला लागल्या, मागचं संगीत गप्प झालं की मला ते सोसायचं नाही. जणू मीच तिथे उभी आहे. मी उठायचे, काकूच्या चहाच्या कपबश्या विसळायला मोरीत जायचे आणि शेवटचं गाणं लागलं की परत यायचे. काकू घोरतच असायची. पण सकाळी बाया विचारणार, मग काय झालं? मग मी माझ्या मनाने शेवट करायचे. माझ्या शेवटात तो सासूच्या पाया पडायचा, सगळं कबूल करायचा, सासूच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो शपथ घ्यायचा की आता सुधारलो. रोज.

आधी बायांना बरं वाटलं. मग त्यांच्यातली एक म्हातारी, तिचे दात पडलेले पण तर्क शाबूत, म्हणाली, "अवं पण काल तं त्यानं शप्पत घेतली होती. मंग आज कसा खोटं बोलला?"

"विसरला असेल," मी म्हणाले.

"माहा बुढा बी असाच विसरते," ती म्हणाली, आणि त्या हसण्यात माझं निभावलं.

किती दिवस निभावणार? एका दुपारी बोरीच्या सावलीत भाकरी सोडून बसलो होतो. टोळीत एक नवीन लग्न झालेली पोरगी होती, माहेरी जाऊन आलेली. तिथे भावाच्या मोबाइलवर तिने मालिकेचे मागचे कितीतरी भाग एका बैठकीत पाहून टाकले होते. मी मागे सांगितलेली एक गोष्ट ती चघळत होती. एकदम म्हणाली, "थांब वं. तो पाया कवा पडला? म्या सोता पाह्यलं. तो तं मांडवाच्या खांबावर चढून बसला होता. सासू खालून झाडू घेऊन बोंबलून राह्यली होती, अन् तो वरून म्हने, मी खांब तपासून राह्यलो!"

मग जी हसायची लाट आली, ती माझ्यावर होती की त्या खांबावर चढलेल्या माणसावर, मला कळेना.

"म्हंजे हिनं आमाले आतापर्यंत देवमानूस सांगतला!" दातपडकी म्हातारी म्हणाली. "मी म्हनतच होती, इतका चांगला जवाई टीव्हीत कायले दाखवतीन?"

"काहून केलं वं असं?" नवी पोरगी विचारत होती. रागाने नाही. पण काहून हा शब्द मला अजून बोचतच होता.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तो पकडला जातो ते मला बघवत नाही. मी उठून जाते.

मोठीमायने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. मग म्हणाली, "आन् त्याच्यानंतर काय होते, थे कधीच नाई पाह्यलं तू?"

"नाही."

"अवं बाई, असा एका दिवसात मानूस सुदरला तं मंग आमी उद्या काय आयकाव? तुह्याच हाताचं पाय ना. आली तवा पालाच पाला आनत होती. आता अर्धा पाला आनतं. म्या काई म्हनलं तुले? दोन रोज सुदरतं, तिसऱ्या रोजी पुन्हा पाला. असंच असते थे." पाण्याचा तांब्या तिने माझ्याकडे सरकवला. "आज पूरा पाय. उठू नोको. अन् जसं झालं तसं सांगजो. खांबावर चढला तं खांबावर चढला म्हन."

पूरा पाय, म्हणजे पूर्ण बघ. त्या संध्याकाळी मी काकूच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. त्या भागात घरजावयाने आपल्या मुलीच्या शाळेत सांगून ठेवलं होतं की मंडपाच्या धंद्याचा मालक मीच. शाळेच्या बाई घरी आल्या, स्नेहसंमेलनासाठी मांडव मिळेल का विचारायला. दार उघडलं सासऱ्याने. बाई म्हणाल्या, मालक आहेत का? सासरा म्हणाला, बोला. बाई म्हणाल्या, तुम्ही नाही, मालक. आतून सासू आली. जिन्यावर जावई, त्याच्या मागे ती लहान मुलगी. संगीत गप्प झालं. मोरीतल्या कपबश्या मला हाका मारत होत्या.

मी बसून राहिले.

सासऱ्याने जावयाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि बाईंना म्हणाला, "मालक जरा कामात आहेत. मांडव मिळेल, जा तुम्ही." बाई गेल्या. सासूने कमरेवर हात ठेवले. मी डोळे किलकिले केले. ती म्हणाली, "मालक, ताटं घ्या. आमटी निवते आहे." आणि सगळे जेवायला बसले. एवढंच. त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही. टोमणे मारत मारत त्याला वाढलं. जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही मालक आहात ना?" त्याने भाताचा घास फिरवला, फिरवला, आणि म्हणाला, "नाही." मग लगेच, "अजून."

गाणं लागलं. काकू जागी झाली आणि म्हणाली, "काय झालं वं? रडून कायले राह्यली? हसायची शिरेल हाय ना हे?"

मला माझी शाळा आठवली होती. आठवीत असताना मला वर्गात इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायला उभं केलं होतं. दुसऱ्याच ओळीला अडले. वर्ग हसला. मी दप्तर घेऊन घरी आले, आणि मग ताप, मग भातकापणी, मग आणखी काही, असं करत शाळेत गेलेच नाही. त्यानंतरचं काय झालं असतं ते मी पाहिलेलंच नाही. कदाचित बाई म्हणाल्या असत्या, बस खाली, पुढचीने वाचावं. कदाचित मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी चिडवलं असतं आणि डब्यातलं अर्धं खाऊन टाकलं असतं. सगळ्या जगात पकडलं गेल्यावर जेवणाची ताटं मांडली जात असतील, तर ते बघायला मी कधी थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेले आणि मुकाट्याने कडेच्या पातीला जाऊन उभी राहिले. कुणी तिथे पाठवायच्या आधी आपणच गेलेलं बरं, असं मनात होतं. बाया ओळीने लागल्या. मध्ये एक पात रिकामी राहिली.

"तिकडं कायले उभी राह्यली वं?" मोठीमायचा आवाज आला. नाल्यापलीकडची बैलं दचकली असतील. "पात काय तुह्या बापानं कडेले लिहून देल्ली काय? मधात ये!"

मी मध्ये गेले आणि जसं झालं तसं सांगितलं. 'अजून' या शब्दापाशी आले तेव्हा वाद पेटला. नवी पोरगी म्हणाली, "हे बी खोटंच. त्याले कोन मालक करते?" दातपडकी म्हणाली, "खोटं नाई. आशा हाय थे." "आशा अन् खोटं एकाच घरचे!" तिसरी म्हणाली. अर्धी ओळ होईपर्यंत भांडल्या. शेवटी मोठीमायने निकाल दिला, "एवढं 'अजून' राहू द्या त्याले. नाई म्हनला ना थो? आजवर कधी नाई म्हनला होता काय? मंग झालं."

त्यानंतर मी एकाही भागात उठले नाही. आणि उठले नाही म्हणूनच मला दिसायला लागलं की तो माणूस बदलतोय, पण इतका हळू की रोज बघणाऱ्यालाच कळावं. सुरुवातीला तो स्वतःला वाचवायला थापा मारायचा. मग मेहुणीला वाचवायला मारू लागला. थाप तीच, खांबही तोच, पण चढायचं कारण दुसरं. मध्येच पुन्हा घसरायचा, आठवडाभर अगदी पहिल्यासारखा नालायक व्हायचा आणि बाया पऱ्हाटीत उभ्या राहून त्याला शिव्या घालायच्या, "मेल्या, परवा तं शाना झालता!" सासूही बदलली. तिची जीभ तशीच राहिली, पण टोमणा मारून झाल्यावर ती आता त्याच्या ताटात दुसरी पोळी टाकायची. हे मी सांगितलं तेव्हा मोठीमाय म्हणाली, "तेच बदलनं असते. जीभ कोनाची बदलते?" आणि मला हसू आलं, कारण हे ती मला शिव्या देत देत, माझ्या झोळीतला पाला निवडता निवडता म्हणत होती.

मालिका संपली तेव्हा शेवटची वेचणी चालू होती. बोंडं विरळ झाली होती, कापूस हाताला कमी लागत होता. शेवटच्या भागात सासरा आजारी पडला आणि मोठ्या लग्नाचा मांडव जावयाने एकट्याने उभा केला. नवरीच्या बापाने विचारलं, मालक आपणच का? तो म्हणाला, "मालक घरी झोपलेत. मी जावई." काकूच्या खोलीत मी एकटीने टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्याच दमात तो त्या बापाला म्हणाला, "हे झुंबर बघितलंत? परदेशातून मागवलंय." झुंबर सासूच्या जुन्या बांगड्यांचं होतं, ते मी आधीच्या भागात पाहिलं होतं.

सकाळी सांगितलं तेव्हा बाया पोट धरून हसल्या. दातपडकी म्हणाली, "लबाड तो लबाडच. पन आपला हाय." मग सगळ्या पुन्हा बोंडांकडे वळल्या, पाहुणे गेल्यावर बाया भांड्यांकडे वळतात तशा.

मी मोठीमायला हळूच म्हटलं, "आता सांगायला काही नाही माझ्याकडे."

"तं?"

"तर आता माझी पात..."

"शिरेल सरली वं. कापूस थोडीच सरला?" ती म्हणाली. "हात चालव."

हात चालवले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, डावीकडचा हात आज माझ्या ओळीत आला नव्हता, उजवीकडचाही नाही. तरी मी मागे पडले नव्हते. मागे पडली होती मोठीमाय. थंडीने तिचे गुडघे धरले होते आणि ती दर दोन झाडांनी कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. तिची पात माझ्या शेजारचीच. मी हात लांबवला, तिच्या ओळीतली चार बोंडं वेचली आणि तिच्या झोळीत टाकली. तिने पाहिलं. झोळीत बोट घालून एक वाळकं पान बाहेर काढलं, माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, "पाला!"

दातपडकी मागून म्हणाली, "आता तो घरजवाई काय करून राह्यला आशीन वं?" आणि एकेकीने सांगायला सुरुवात केली. कुणी त्याला मालक केलं, कुणी पुन्हा खांबावर चढवलं. टीव्ही नाही, काही नाही, धुरा येईपर्यंत तो आमच्यासोबत चालत होता.

आमच्या ह्यांचं खाणीवरचं काम अजून आहे, म्हणून आम्हीही आहोत. कुणी 'काहून' म्हटलं तर आता मी कारण सांगते. दार वाजलं तर पोटात गोळा येतो, पण कडी आधी निघते. पाला अजून येतो थोडा.

मोठीमायने त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. सगळा घरजावई तिने माझ्या तोंडून ऐकला, तोही अर्धा आधी खोटा आणि मग खरा. चुलीपुढून उठून टीव्हीपुढे बसायला तिला कधी जमलंच नाही. म्हणून हे लिहून ठेवते. एक ना एक दिवस आमचं स्वतःचं घर होईल, इथे नाहीतर कोकणात. त्या दिवशी मी तिला घेऊन येईन, मऊ गादीवर बसवीन, रिमोट तिच्या हातात देईन आणि पहिल्या भागापासून शेवटच्या झुंबरापर्यंत सगळं तिला दाखवीन. स्वयंपाक मी करीन. ती चुलीकडे बघायला उठली तर मी तिच्याच आवाजात ओरडेन, "मोठीमाय, उठू नोको. पूरा पाय."